जपानी घरात आपली लेक

जपान म्हटले की आपल्या घरांत दोन-तीन गोष्टी लगेच आठवतात. एक कामठीचे ड्रॅगन पॅलेस. जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने ते १९९९ साली उभे राहिले. तेव्हापासून दीक्षाभूमीवर गेलेली आपली माणसे वेळ काढून कामठीलाही जाऊन येतात. दुसरे नाव भदन्त सुरई ससाई यांचे. जपानच्या ओकायामा भागात जन्मलेले हे भिक्खू १९६० च्या दशकात नागपूरला आले, इंदोऱ्याच्या वस्तीत कष्टकरी माणसांत राहिले आणि पुढे भारताचे नागरिकही झाले. तिसरी गोष्ट म्हणजे जपानी मोटारसायकली आणि टीव्हीवर पाहिलेली बुलेट ट्रेन.

पण जपानी माणसाचे घर आतून कसे असते, तिथे चूल कोण सांभाळते, पाहुण्याला पाणी कसे देतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आता आपल्या काही मुलामुलींना त्या घरात काही दिवस राहण्याची संधी मिळू लागली आहे. संधी आली की आईवडिलांच्या मनात आनंदाआधी धास्ती येते. म्हणून आम्ही जे पाहिले आणि ऐकले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

'होमस्टे' हा शब्द आता कोकणातल्या पाट्यांवरही दिसतो. मालवण-तारकर्लीला पैसे भरून कुणाच्या घरी उतरता येते. विद्यार्थ्यांचा होमस्टे वेगळा. परदेशातून आलेल्या शाळकरी मुलाला एखादे कुटुंब काही दिवस, काही आठवडे किंवा पूर्ण वर्षभर आपल्या घरी ठेवून घेते. बहुतेक ठिकाणी ही कुटुंबे स्वखुशीने पुढे येतात. मुलाकडून भाडे घेत नाहीत की जेवणाचे बिल लावत नाहीत. मूल त्या घरच्या बाईला आई म्हणते, घरच्यांबरोबर जेवते आणि उष्टी भांडी उचलते.

अमेरिकेत डोनाल्ड वॅट यांनी १९३२ साली 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' हा उपक्रम सुरू केला. परका देश समजून घ्यायचा तर तिथल्या घरात राहावे, हे त्याचे सूत्र होते. महायुद्धांत जखमींना वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिकांच्या स्वयंसेवकांची 'एएफएस' ही संस्था १९४७ पासून शाळकरी मुलांची अशी देवाणघेवाण करू लागली. युद्ध डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी हे काम हाती घ्यावे, यात बरेच काही आले. जपानची 'लाबो' ही संस्था १९७२ पासून आपली मुले सुटीत अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांकडे पाठवू लागली. तिथली 'फोर-एच' ही ग्रामीण युवक चळवळ त्यांना घरे मिळवून देई. मग अमेरिकन मुलेही उन्हाळ्यात जपानी घरांत राहायला येऊ लागली.

आपल्याकडच्या पालकांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. आपली उन्हाळी सुटी एप्रिल-मेची. परभणीत तेव्हा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. जपानमध्ये शाळेचे वर्षच एप्रिलमध्ये सुरू होते आणि उन्हाळ्याची मोठी सुटी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते. म्हणजे तिकडच्या सुटीत आपली मुले गेली, तर इकडे त्यांची शाळा बुडते. ऐन निघायच्या वेळी धावपळ नको. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवावी.

आता आमच्या अनुभवाकडे येतो. आम्ही परभणीत एका कार्यालयात लिपिक आहोत. बी.कॉम. झालेला आणि बरे अक्षर असलेला माणूस वस्तीत असला की कागद त्याच्या दाराशी चालत येतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्ती, रमाई आवास, निराधार योजना, सगळे अर्ज आम्ही भरले आहेत. सायंकाळी विहारात मुलांची अभ्यासिका चालवतो. काही वर्षांपूर्वी या अभ्यासिकेतून निवासी शाळेत गेलेल्या एका मुलीची जपानच्या एका विद्यार्थी कार्यक्रमात निवड झाली. दोन आठवड्यांचा दौरा होता आणि त्यातले पाच दिवस जपानी कुटुंबात राहायचे होते. खर्च कार्यक्रमाचा. मुलीचे वडील मोंढ्यात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते.

अर्ज घेऊन मायलेकी आमच्याकडे आल्या. आम्ही जन्मभर अर्ज भरत आलो, पण जातीचा रकाना नसलेला इतका लांबलचक अर्ज पहिल्यांदा पाहिला. इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. आपल्या अर्जांतला तो रकाना आपल्या हक्काचा आहे. बाबासाहेबांनी तो झगडून मिळवला आणि त्याच्याच आधाराने ही मुलगी त्या शाळेपर्यंत पोचली होती. पण या अर्जात विचारलेले प्रश्न निराळेच होते. तुम्ही काय खाता, काय खात नाही? कशाने अंगावर पुरळ येते का? मांजराची, कुत्र्याची भीती वाटते का? किती वाजता झोपता? सुटीच्या दिवशी घरी सगळे मिळून काय करता? शेवटी जपानी कुटुंबाला उद्देशून एक पत्र लिहायचे होते आणि घरापुढे सगळ्यांनी उभे राहून काढलेला फोटो जोडायचा होता.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ, बापाचा धंदा व्यापारी लिहा. मोंढ्यातच असतेत की ते. अन् फोटो माझ्या भावाच्या फ्लॅटपुढं काढू. आपलं पत्र्याचं घर पाहून ते लेकराला ठेवून घेतील का?"

हा प्रश्न त्या माउलीने हवेतून आणलेला नव्हता. गावाकडून शिकायला शहरात आलेल्या आपल्या प्रत्येक माणसाला तो ठाऊक आहे. आम्ही बी.कॉम.ला प्रवेश घेतला, तेव्हा परभणीत खोली शोधत पंधरा दिवस फिरलो. खोली दाखवायचे, नळाची वेळ सांगायचे, भाडे सांगायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितले की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. एका घरमालकाने तर किल्ली हातात दिली होती, ती परत मागून घेतली. हा आमच्या एकट्याचा अनुभव नाही. अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली होती. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. घर एकच, विचारणारे वेगवेगळे, आणि दलित किंवा मुसलमान नाव ऐकले की उत्तर बदलते, हे त्यांनी दाखवून दिले.

बाबासाहेबांचेच पाहा. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत कसेबसे दिवस काढले, तर काठ्या घेऊन माणसे अंगावर आली आणि जागा सोडावी लागली. पुढे ते लंडनला शिकायला गेले, तेव्हा १९२१-२२ च्या सुमारास किंग हेन्री रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहिले. तेच घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. साता समुद्रापलीकडे ज्यांना छप्पर मिळाले, त्यांना आपल्या देशात धर्मशाळेचा कोपराही टिकू दिला नाही. म्हणून त्या आईला 'उगीच घाबरता' असे म्हणायला आमची जीभ रेटेना.

निर्णय मुलीनेच केला. ती म्हणाली, "मामा, खोटं लिहिलं तर तिथं पाच दिवस खोटंच बोलत बसावं लागंल. बाबा धान्याची पोती उचलतेत असंच लिहा." आम्ही तसेच लिहिले. फोटो पत्र्याच्या घरापुढेच निघाला. आजी, आईवडील, दोन भावंडे आणि दाराशी बांधलेली शेळी, सगळे त्यात आले.

पासपोर्टचे काम मात्र सोपे नव्हते. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर वेगळे, आईच्या आधार कार्डावर तिसरेच. वडिलांच्या नावातले एक अक्षर इंग्रजीत दोन ठिकाणी दोन तऱ्हेने. अठरा वर्षांखालील मुलांच्या पासपोर्टला आईवडील दोघांचीही संमती लागते. पालकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की मूल पाचवीत असतानाच सगळ्या कागदांवरचे नाव एकसारखे करून घ्या. जपानला जायचे असो की तलाठ्याकडे, ते कामाला येते.

आईने लेकीबरोबर पाठवायला एक लहान गोधडी शिवली. जुन्या लुगड्यांचे आणि धडप्यांचे तुकडे होते. जपानमध्ये कुणाच्या घरी जाताना काहीतरी भेट नेण्याची पद्धत आहे आणि भेट महाग असण्याची गरज नसते. तरी आई संकोचली होती. जुन्या कापडाची वस्तू परदेशात कशी द्यायची, असे तिला वाटत होते. सोबत कारळाची आणि जवसाची सुकी चटणी दिली.

परत आल्यावर मुलीने अभ्यासिकेत सगळ्यांपुढे बसून हकिगत सांगितली. विहाराची खोली भरली होती, बायका दारातही उभ्या होत्या. तिने सांगितलेल्या काही गोष्टी इथे देतो.

जपानी घरात दारातच जोडे काढायचे आणि त्यांची टोके बाहेरच्या दिशेला करून ठेवायचे. आत सपाता घालायच्या. संडासासाठी वेगळ्या सपाता असतात, त्या चुकून घालून बाहेर आले की घरातली पोरे हसतात. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण ती मयताची रीत आहे. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतरच्या अस्थी तशा उचलतात. जेवण्याआधी 'इतादाकिमासू' म्हणायचे, म्हणजे हे मी नम्रपणे स्वीकारते. जेवणानंतर 'गोचिसोसामा'. बाहेरून घरी आले की 'तादाइमा', म्हणजे मी आले. मग आतून कुणीतरी 'ओकाएरी' म्हणते. मुलगी म्हणाली, दुसऱ्या दिवशी आतून आपल्यासाठी 'ओकाएरी' ऐकू आले, तेव्हा भाषा येत नसतानाही बरे वाटले.

सगळेच गोड होते असे नाही. आंबवलेल्या सोयाबीनचा 'नात्तो' तिला गिळवेना. कच्चे अंडे घातलेला भात पाहून पोटात ढवळले. ज्वारीच्या भाकरीची इतकी आठवण आली की दुसऱ्या रात्री ती पांघरुणात रडली. घरचा बाप कामावरून रात्री उशिरा येई आणि दोन शब्द बोलून झोपी जाई. "आपल्या बाबांसारखंच," ती म्हणाली. मोबाईलवरच्या भाषांतरावर बरेचसे बोलणे चाले आणि त्यात गमतीही होत. चटणीची बाटली मात्र तिसऱ्या दिवशी रिकामी झाली. ती जपानी आईने संपवली.

सुटी असूनही सकाळी साडेसहाला आजी आणि शेजारची पोरे मैदानात जमत. रेडिओवरच्या वाद्याच्या तालावर सगळे व्यायाम करत आणि पोरांच्या कार्डावर हजेरीचा शिक्का बसे. हा रेडिओवरचा व्यायाम जपानमध्ये १९२८ पासून आहे. घरातल्या मुलीबरोबर ती तिच्या शाळेतही गेली. सुटीतही खेळांचे आणि छंदांचे वर्ग चालू होते. तिथे समजले की शाळेचे वर्ग, जिने आणि बहुतेक शाळांत संडाससुद्धा मुलेच पाळीपाळीने झाडतात, पुसतात. डॉक्टरचा मुलगा असो की ड्रायव्हरचा, फडके प्रत्येकाच्या हातात येते. आपल्याकडे शाळेत कोणत्या मुलांच्या हाती झाडू द्यायचा हे आडनावावरून ठरवणारे गुरुजी काही ठिकाणी होते. ज्यांच्या वाट्याला ते आले, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

गोधडीचे काय झाले, हे तिच्या आईला सर्वांत आधी ऐकायचे होते. जपानी आजीने ती मांडीवर पसरली, टाके बोटाने चाचपले आणि उठून कपाटातून एक जुने निळे कापड काढून आणले. थरावर थर, ठिगळावर ठिगळ आणि वरून पांढरे धावते टाके. जपानमध्ये या शिवणीला 'साशिको' म्हणतात, आणि फाटके तुकडे जोडून केलेल्या कापडाला 'बोरो'. उत्तरेकडच्या थंड भागातल्या गरीब शेतकऱ्यांच्या बायकांनी कापूस परवडत नव्हता म्हणून पिढ्यान् पिढ्या ते शिवले. दोन्ही कापडे शेजारी ठेवून आजीने फोटो काढून घेतला. हे ऐकताना आई पदर तोंडाला लावून बसली होती.

पण खोली एकदम शांत झाली ती आंघोळीच्या गोष्टीने. जपानी घरात आंघोळीची एक रीत आहे. आधी टबाबाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे. मग टबातल्या गरम पाण्यात मानेपर्यंत बसायचे. टबात साबण न्यायचा नाही आणि आपले झाल्यावर पाणी सोडून द्यायचे नाही, कारण घरातले सगळे पाळीपाळीने त्याच पाण्यात बसतात. आणि घरात पाहुणा असला की पहिला मान पाहुण्याचा. पहिल्याच रात्री आपल्या मुलीला सांगितले गेले, तू आधी. तिच्या मागून घरची मुलगी, मग आई, मग आजी, आणि रात्री उशिरा आलेला बाप.

आई म्हणाली, "आमच्या लेकराच्या पाण्यात ते न्हाले?"

त्यावर कुणी काही बोलले नाही. खोलीतल्या आजीबाईंपैकी कित्येकींनी विहिरीपासून दूर उभे राहून, कुणीतरी वरून ओतलेले पाणी घागरीत धरलेले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर पंचगव्य मिसळलेल्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले गेले. ढोरे पाणी पीत होती, त्याचा विटाळ कुणाला नव्हता. ती गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ती त्या क्षणी आठवली असणार.

जपानी कुटुंबाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या मुलीवर उपकार केले नाहीत की समतेचा धडा दिला नाही. त्यांच्या घरची रोजची रीत त्यांनी पाळली. मुलगी म्हणाली, "त्यांनी आडनाव विचारलं, ते नीट म्हणून पाहिलं, अन् पुढं काहीच विचारलं नाही." सोळा वर्षांच्या मुलीला आडनावानंतर येणारा पुढचा प्रश्न न येणे लक्षात राहावे, यात आपल्याकडचे सगळे आले.

घरात एक छोटे देव्हाऱ्यासारखे कपाट होते, 'बुत्सुदान'. त्यात बुद्धाची मूर्ती आणि घरातल्या मृतांच्या नावाच्या पाट्या होत्या. रोज सकाळी आजी तिथे भात ठेवी आणि घंटी वाजवी. आपण बावीस प्रतिज्ञांनी श्राद्ध-पिंडदान सोडलेली माणसे. मुलीला पेच पडला. पण आपण पाहुणे आहोत, हे ओळखून ती आजीशेजारी शांत बसली आणि मनात त्रिशरण म्हटले. नंतर तिने आम्हाला विचारले, "मामा, ते पण बौद्ध अन् आपण पण, मग असं कसं?" बौद्ध धम्म जपानला चीन-कोरियामार्गे गेला, दीड हजार वर्षांत तिथल्या पूर्वजपूजेत मिसळला. आपल्याकडे तो १९५६ साली बाबासाहेबांनी बुद्धी आणि समतेच्या पायावर नव्याने उभा केला. दोघांचे घर एकसारखे नसणारच. परक्या घरात राहिल्यावर आपल्या घराविषयीही असे प्रश्न पडतात, हा या प्रवासाचा लाभच आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जपानमध्ये भेदभाव नाहीच. तसे नाही, आणि मुलांना पाठवताना हेही सांगून पाठवले पाहिजे. कातडी कमावणे, जनावरे कापणे, मृतांची व्यवस्था करणे अशी कामे करणाऱ्यांच्या वस्त्या तिथेही गावाबाहेर होत्या. त्यांना 'बुराकुमिन' म्हणतात. दिसायला, बोलायला, धर्माने ते इतरांसारखेच. १८७१ साली सरकारने फर्मान काढून त्यांचा हीन दर्जा रद्द केला, पण लग्न आणि नोकरीच्या वेळी चौकशी चालूच राहिली. १९२२ साली त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली समतावादी संघटना उभी केली. बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, हे १९७५ साली उघडकीस आले. २०१६ साली जपानला या भेदभावाविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे पत्ता शोधत. परदेशी माणसांनाही तिथे घर मिळवताना अडचण येते. जपानच्या न्याय मंत्रालयाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले होते. अशा देशात एखादे कुटुंब आपणहून दार उघडून अनोळखी मुलीला पहिली आंघोळ देते, तेव्हा त्या दाराची किंमत जास्तच वाटते.

आता प्रश्न असा की ही दारे आपल्या मुलांपर्यंत पोचतात कशी? जपान सरकारने २००७ साली 'जेनेसिस' नावाचा युवक कार्यक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्यांना थोड्या दिवसांसाठी जपानला नेतात आणि पुष्कळदा एखाद्या कुटुंबातही ठेवतात. जपानचे शिक्षण मंत्रालय आणि एएफएस यांनी २०१८ साली 'आशिया काकेहाशी' प्रकल्प सुरू केला. पाच वर्षांत आशियातले सुमारे एक हजार शालेय विद्यार्थी बोलावून कित्येक महिने तिथल्या शाळांत शिकवायचे, असे त्यात ठरले होते. 'काकेहाशी' म्हणजे दोन काठ जोडणारा पूल. 'साकुरा सायन्स' ही योजना २०१४ सालची. तिच्यात भर विज्ञानसंस्था दाखवण्यावर असतो. आपल्याकडच्या 'इन्स्पायर मानक' स्पर्धेतले काही विजेते तिच्यातून जपानला गेले आहेत. या 'मानक' स्पर्धेसाठी मुलांच्या कल्पना शाळेनेच पाठवायच्या असतात. शाळेने पाठवल्याच नाहीत, तर मूल कितीही हुशार असून उपयोग नाही. तेव्हा पालकांनी मुख्याध्यापकांना जाऊन विचारावे. विचारणे हा आपला हक्क आहे.

रोटरीसारख्या क्लबांच्या विनिमयात राहणे-जेवणे यजमान कुटुंबाकडे असते, पण विमानभाडे आणि विमा घरून भरावा लागतो. हमालाच्या घरातून ते होत नाही. शिवाय थोड्या दिवसांच्या विनिमयात साधारण अशी रीत असते की ज्या घरात आपले मूल राहिले, त्या घरचे मूल आपल्याकडे राहायला येते. इथे पैशापेक्षा मोठी अडचण उभी राहते. आमच्या अभ्यासिकेतल्या पालकांना आम्ही विचारले, जपानी मूल आले तर कोण ठेवून घेईल? सगळे खाली पाहू लागले. एक खोली, बाहेर संडास, दोन दिवसाआड येणारे नळाचे पाणी. आपले घर पाहुण्याजोगे नाही, हे आपण स्वतःच मनात धरून बसलो आहोत.

आम्हाला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे. खोली मिळेना म्हणून आम्ही बी.कॉम. सोडून गावी परतणार होतो. तेव्हा पूर्णा जंक्शनला रेल्वेत गँगमन असलेल्या आपल्या एका माणसाने आम्हाला घरी नेले. ना नाते ना गोते. रेल्वेच्या लहानशा क्वार्टरात ती पाच माणसे आणि सहावे आम्ही. तीन वर्षे आम्ही तिथून पॅसेंजरने परभणीला कॉलेजला आलो. त्या घरच्या बाईंनी पहाटे उठून भाकरी बांधून दिल्या आणि कधी हिशेब मांडला नाही. आम्ही त्यांना आईच म्हणत होतो. त्या काळी 'होमस्टे' हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता.

आपल्या समाजात असे घर प्रत्येक शहरात निघेल. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले, १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय उभे केले. पण सगळी मुले वसतिगृहात मावली नाहीत. उरलेली वस्तीतल्या एकखणी घरांत, पत्र्याखाली, दुसऱ्यांच्या पोरांबरोबर एका ताटात जेवून शिकली. सुरई ससाई नागपूरला आले, तेव्हा त्यांनाही सांभाळले ते वस्तीतल्या अशाच माणसांनी. परक्याचे लेकरू ठेवून घेण्याची विद्या आपल्याला जपानकडून शिकायची नाही. ती आपल्याकडे आहे. पाहुण्यापुढे आपले घर उघडे करण्याचा धीर तेवढा कमी पडतो.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे थोडके आहे. मुलांना पाठवा. मुलगी आहे म्हणून अडवू नका. तिच्या यजमानांची माहिती, कार्यक्रमाच्या जबाबदार माणसाचा फोन आणि रोज घरी बोलण्याची वेळ आधी लिहून घ्या, मग निर्धास्त राहा. अर्जात बापाचा धंदा आहे तो लिहा. फोटो आपल्याच दारापुढे काढा. जपानी भाषेचे दहा शब्द, चॉपस्टिक धरणे आणि जोडे काढून नीट ठेवणे घरीच शिकवा. आणि उद्या कुणाचे लेकरू आपल्याकडे येणार असेल, मग ते जपानचे असो की पालम-सोनपेठच्या तांड्यावरचे, तर जागा लहान म्हणून नाही म्हणू नका. दारातला रांजण धुऊन भरून ठेवा, पहिला तांब्या त्याच्या हातात द्या.

त्या जपानी कुटुंबातल्या मुलीचे पत्र गेल्या वर्षी आले. तिला भारतात यायचे आहे, आणि ती हॉटेलात राहणार नाही असे तिने लिहिले आहे. मोंढ्यातल्या हमाल बापाने त्यावर आम्हाला एवढेच विचारले, "भाऊ, पावसाळ्याच्या आत पत्रे बदलून घ्यावेत म्हणतो. कर्ज भेटंल का पतपेढीतून?" अर्ज आम्ही लिहून दिला आहे.

जयभीम.